मस्तिष्काघात, प्रायोगिक

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास तेथील ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) मृत होते. हा विकार प्राण्यांत घडवून त्याचे मापन करण्याच्या पद्धतींचा येथे विचार केला आहे.

मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे कडे असते. टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले. या कड्यामुळे मानेतील एक रोहिणी बांधली, तरी दुसऱ्या बाजूने रक्त पोहोचते व मेंदूला बहुधा इजा होत नाही. म्हणून एस. लेव्हीन यांनी १९६० मध्ये रॅट या मोठ्या उंदरात रोहिणी बांधण्याला ऑक्सिजनन्यूनतेची जोड दिली. ए. टामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कवटीला छिद्र पाडून मध्य मस्तिष्क रोहिणी बंद केली. कोइझुमी (१९८६) व लोंगा (१९८९) यांच्या पद्धतींत कवटी उघडावी लागत नाही. शुद्धिहरण करून मानेतील रोहिणीतून बारीक तंतू वर सरकवितात. तो काढून घेतला की, रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो. जीनांमध्ये हेतुपूर्वक बदल करणे माउस या लहान उंदरात शक्य झाल्याने १९९० नंतर ही पद्धत त्यात रूढ झाली. तंत्रिका कोशिकांतील नायट्रिक ऑक्साइड निर्माण करणारे एंझाइम नसलेल्या अशा उंदरांत मृत भाग लहान राहतो, असे १९९४ मध्ये दिसून आले.

मापनासाठी मेंदूचे काप टेट्राझोलियम लवणाच्या विद्रावात ठेवतात. जिवंत ऊतक लाल होते, मृत ऊतक पांढरे राहते. सुजेमुळे मृत भाग वाजवीपेक्षा मोठा भासतो. म्हणून निरोगी गोलार्धाच्या घनफळातून बाधित गोलार्धातील शाबूत ऊतकाचे घनफळ वजा करण्याची रीत १९९० मध्ये सुचविण्यात आली. पुढील पाय आखडणे, एकाच बाजूला गोल फिरणे इ. लक्षणांनाही गुण देतात.

तथापि मापन अचूक असले, तरी निष्कर्ष विश्वसनीय असतोच असे नाही. एका औषधाचा जर्बिलांतील संरक्षक परिणाम प्रत्यक्षात शरीराचे तापमान घटल्यामुळे होता, असे १९९० मध्ये आढळले. २००६ मधील एका आढाव्यात १,०२६ प्रायोगिक उपचारांची नोंद आहे. परंतु प्राण्यांत मज्जारक्षक ठरलेली औषधे रुग्णांत निष्प्रभ ठरत गेली. याउलट गुठळी विरघळविणारे ऊतक प्लाझ्मिनोजन उत्तेजक सशांत (१९८५) उपयुक्त ठरले व रुग्णांतही (१९९५) त्याची उपयुक्तता सिद्ध झाली. या अनुभवातून १९९९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आखण्यात आली. प्राण्यांची यादृच्छिक विभागणी, कोणत्या प्राण्यास औषध दिले हे मापन करणाऱ्यास ठाऊक नसणे आणि नर-मादी व वृद्ध प्राण्यांचा समावेश यांना आता मापनाइतकेच महत्त्व दिले जाते.