अजिंठ्याची नर्तकी लंडनला येते तेव्हा

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो, तर दिवाणखान्यातलं सगळं फर्निचर भिंतीला टेकवलेलं! कॉफी टेबल उभं, गालिचा गुंडाळलेला, आणि मध्ये आमची कन्या एक हात डोक्यावर नि एक कमरेवर ठेवून पुतळ्यासारखी उभी. तिने जीसीएसईला डान्स हा विषय घेतला आहे. (हे भारतात फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या आईचा पहिला प्रश्न होता, "आणि गणित?" गणितही आहे, काळजी नसावी.)

या विषयात नुसतं शिकवलेलं नाचून भागत नाही, स्वतः नृत्य बसवावं लागतं. त्यासाठी मुलांना काहीतरी हाती देतात. एखादं चित्र, कवितेची ओळ, एखादी वस्तू किंवा बातमी. त्यावरून हालचाली शोधायच्या आणि रंगमंचावर सादर होईल असं काही उभं करायचं. अभ्यासक्रमात त्याला ‘स्टिम्युलस’ म्हणतात. मी आपला ‘ठिणगी’ म्हणतो. आमच्या कार्टीने ठिणगी म्हणून निवडलं होतं अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या नर्तकीचं चित्र. माझ्याच एका जुन्या पुस्तकातलं.

मला कोण आनंद झाला! मी मूळचा तेव्हाच्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. अजिंठा आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. शाळेच्या सहलीला एसटीने गेलो होतो, डब्यात पोळ्या नि बटाट्याची भाजी. लेण्यांपेक्षा ती भाजीच जास्त लक्षात राहिली, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पण दोन दिवसांनी कन्या हिरमुसली होऊन आली. बाई म्हणाल्या होत्या, "हे सुंदर फोटो झाले एकापुढे एक. यात नाच कुठे आहे?"

या एका प्रश्नापायी मी पुढचे कितीतरी शनिवार-रविवार पुस्तकांत आणि म्युझियममध्ये घालवले. मी धंद्याने आयटीवाला. दुसऱ्याच्या व्यवसायातली भानगड समजून घेऊन ती मांडणं हेच माझं काम, त्यामुळे सवयच म्हणा. आणि शोधता शोधता लक्षात आलं, की बाईंनी विचारलेला प्रश्न याच लंडन शहरात, याच अजिंठ्याच्या चित्रांवरून शंभर वर्षांपूर्वी एकदा पडला होता. त्याचीच ही हकिकत.

आधी ही चित्रं इथे आली कशी, ते पाहू. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला गेला असताना त्याला वाघूर नदीच्या खोऱ्यातली ही लेणी दिसली. चित्रं भिंतीवरची, ती उचलून आणणं शक्य नव्हतं. मग नकला करायचं ठरलं. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल तिथे बसून वर्षानुवर्षं मोठमोठ्या तैलचित्रांत नकला करत राहिला. पारोच्या गोष्टीमुळे हा गिल आपल्याला माहीत असतो. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, तिथे १८६६ च्या आगीत त्या जळून गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जाऊन नकला करत राहिले. त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी होते. याही नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये आल्या, आणि १८८५ साली तिथेही आग लागून त्यातल्या पुष्कळ नष्ट झाल्या! ज्या वाचल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. पुढे लेडी हेरिंगहॅम या चित्रकर्तीने नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा तरुणांना बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांचं पुस्तक १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने काढलं. अशी ही अजिंठ्याची चित्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या कलावर्तुळात माहितीची झाली होती.

त्याच काळात युरोपच्या रंगमंचावर एक वेगळीच हवा वाहत होती. ठरीव पावलांच्या बॅलेचा कंटाळा आलेले कलावंत म्युझियमकडे वळत होते. अमेरिकेतून आलेली इझाडोरा डंकन ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीक शिल्पं आणि रंगवलेले कुंभ बघत बसे. १९१२ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये निजिन्स्कीने देबुसीच्या संगीतावर ‘फॉन’चं नृत्य सादर केलं. त्याची ठिणगीही जुन्या ग्रीक चित्रांची. त्याने पाहिलं की त्या चित्रांत धड समोरून दिसतं, डोकं आणि पाय मात्र बाजूने. मग त्याने नर्तकांना तसंच, जणू दोन भिंतींच्या फटीतून चालावं, तसं चालायला लावलं. गिरक्या नाहीत, उंच उड्या नाहीत. जेमतेम दहा-बारा मिनिटांचं नृत्य, पण पॅरिसमध्ये वादळ उठलं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की निजिन्स्कीने ग्रीक पोज उचलली नाही, त्या चित्राचा नियम उचलला. शरीर सपाट झालं तर ते चालेल कसं, हा प्रश्न त्याने स्वतःला घातला.

आता येते आन्ना पावलोवा. जगप्रसिद्ध रशियन नर्तकी, घर लंडनमध्ये. १९२२-२३ च्या दौऱ्यात ती हिंदुस्थानात आली. परतल्यावर सप्टेंबर १९२३ मध्ये तिने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये हिंदुस्थानी विषयांवरची नवी नृत्यं आणली. त्यातलं एक होतं चक्क ‘अजंठाज फ्रेस्कोज’! नृत्यरचना इव्हान क्लुस्तिनची, संगीत चेरेपनिनचं, कथा गौतमाच्या गृहत्यागाची. भिंतीवरची चित्रं जिवंत होतात अशी कल्पना. पण चाली बॅलेच्या, संगीत रशियन धाटणीचं आणि अजिंठा वेशभूषेत नि उभं राहण्याच्या ढबीत. हे नृत्य फारसं टिकलं नाही. आमच्या कन्येच्या बाई तिथे असत्या तर त्यांनी तोच प्रश्न विचारला असता, असं मला राहून राहून वाटतं.

त्याच वेळी पावलोवाने आणखी दोन छोटी नृत्यं आणली, ‘हिंदू विवाह’ आणि ‘राधा-कृष्ण’. ती मात्र लोकांना आवडली आणि अमेरिकेच्या दौऱ्यावरही गेली. त्यांच्या रचनेत मदत करणारा आणि पावलोवाच्या राधेसमोर कृष्ण होऊन नाचणारा तरुण होता बावीस वर्षांचा उदयशंकर.

मंडळी, या उदयशंकरची वाट मुंबईवरूनच गेली होती बरं का! उदयपूरला १९०० साली जन्मलेल्या या बंगाली मुलाला वडिलांनी आधी मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला घातलं. पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयातही तो काही काळ होता. १९२० मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आला. तिथले प्रमुख विल्यम रोथेन्स्टाइन स्वतः अजिंठा पाहून आलेले, लेडी हेरिंगहॅमच्या पुस्तकात लेख लिहिलेले. त्यांनी या पोराला सांगितलं, की पाश्चात्य चित्रकारांच्या मागे लागण्याआधी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन आपल्या देशाची कला बघ. म्हणजे हिंदुस्थानातून लंडनला यायचं आणि लंडनमध्ये हिंदुस्थान बघायचा! इथे मास्टर्स करायला आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांचं असंच झालंय. मी पंडित भीमसेन जोशी नीट ऐकले ते इथल्या हॉस्टेलच्या खोलीत.

उदयशंकर तेव्हा कुठलंही शास्त्रीय नृत्य शिकलेला नव्हता. त्याच्याजवळ होती चित्रकाराची नजर. पावलोवाने त्याला बॅलेकडे वळवलं नाही, आपल्या देशाच्या नृत्याकडेच बघ असा तिचा आग्रह होता. दौरा संपल्यावर तिची मंडळी सोडून तो पॅरिसला गेला. तिथे काही वर्षं हलाखीत काढली, कॅबरेंमधूनही नाचला. आणि याच काळात मूर्ती आणि चित्रं समोर ठेवून शरीर घडवत राहिला.

इथे प्रश्न असा, की चित्र तर थिजलेला एक क्षण. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होणार, ते चित्रात नसतं. नक्कल करणारा एका क्षणावरून दुसऱ्या क्षणावर उडी मारतो. उदयशंकरने नेमकं त्या दोन क्षणांमधलं अंतर पकडलं. त्याची ती प्रसिद्ध लहर आठवा, खांद्यातून निघून कोपरातून मनगटात आणि बोटांच्या टोकापर्यंत जाणारी. एक मुद्रा संपून दुसरी सुरू कुठे झाली ते कळतच नाही.

या कामात त्याला अॅलिस बोनर नावाची स्विस शिल्पकार भेटली. १९३० मध्ये दोघं हिंदुस्थानभर हिंडले, मंदिरं, लेणी, नर्तक, वादक बघत. या बाई पुढे काशीलाच राहिल्या आणि १९६२ साली त्यांनी लेण्यांतल्या शिल्पांच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं. वेरूळची शिल्पं वर्तुळ नि त्याच्या त्रिज्यांवर कशी बेतलेली आहेत, ते त्यांनी रेघा आखून दाखवलं. वेरूळचा नाचणारा शिव दगडाचा असून फिरतोय असं का वाटतं, याचं उत्तर त्या रेघांत आहे. शिल्पकाराने पोज कोरलेली नाही, हालचालीचा आराखडा कोरलाय. आम्ही आयटीवाले म्हणू, स्क्रीनशॉट बघू नका, डिझाइन बघा!

३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या थिएटर द शांझेलिझेमध्ये उदयशंकरच्या मंडळींचा पहिला प्रयोग झाला. बरोबर सिमकी ही फ्रेंच नर्तकी, तिमिरबरन यांचं सरोद, पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी, आणि दहा-अकरा वर्षांचा धाकटा भाऊ रवी, म्हणजे पुढचे पंडित रविशंकर. मग युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षं प्रयोग होत राहिले.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नंतरचा भाग. हिमालयात अल्मोड्याला उदयशंकरने आपलं संस्कृती केंद्र काढलं. तिथे कथकलीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीला अमोबी सिंग, संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ असे एकाहून एक गुरू. तरीही मुलांनी नुसतं गुरूचं गिरवू नये म्हणून उत्स्फूर्त रचनेचा वेगळा तास असे. साधं चालणं, बघणं, रोजच्या जगण्यातला एखादा विषय घेऊन त्यावर शरीराने काय सुचतं ते करून पाहणं. आमच्या कन्येचा आजचा अभ्यासक्रमच म्हणा ना! ‘लेबर अँड मशिनरी’ या नृत्यात तर ठिणगी ना मूर्तीची, ना पुराणाची. ती कारखान्यातल्या यंत्राची होती, आणि त्यात माणसाचंच हळूहळू यंत्र होतं. १९४४ मध्ये पैशाअभावी केंद्र बंद पडलं. पण तोवर तिथून झोहरा सेहगल, गुरुदत्त अशी माणसं तयार होऊन बाहेर पडली होती. तिथलं बरंचसं १९४८ च्या ‘कल्पना’ या त्याच्या चित्रपटात बघायला मिळतं.

हे सगळं कन्येला मी जेवताना थोडं थोडं सांगत असे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एक दिवस विचारलं, "पण बाबा, ही बाई नाचतेय कुणासाठी?"

मी गप्प! इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. पुस्तक काढून वाचलं. ते चित्र महाजनक जातकाचं आहे. राजा महाजनकाचं मन संसारातून उडालंय, तो सगळं सोडून निघालाय. राणी सीवली त्याला थांबवू बघतेय. बासरी, टाळ, मृदंगाच्या साथीने ती नर्तकी नाचतेय ती जाणाऱ्या माणसाला थांबवण्यासाठी. आणि तो थांबत नाही.

कन्येने पहिलं सगळं टाकून दिलं. नवीन नृत्यात तिने ती प्रसिद्ध पोज सुरुवातीला घेतलीच नाही. एका रिकाम्या खुर्चीभोवती ती फिरते, बोलावते, वाट अडवते, आणि चित्रातली पोज येते अगदी शेवटी. खुर्चीतला जो कुणी होता तो निघून गेल्यावर. बाईंनी या वेळी नाच कुठे आहे असं विचारलं नाही.

मला मात्र त्या खुर्चीकडे बघवेना. औरंगाबादच्या घरी आई-दादा अशाच एका रिकाम्या खुर्चीसमोर किती वर्षं बसले, ते आठवलं. आणि दुसरंही एक मनात आलं. आपल्या मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत आपण मुलांना नाच बसवून देतो. तेच गाणं, तीच नऊवारी, सिनेमातल्या त्याच स्टेप्स. हौस मोठी असते, मेहनतही. पण खरं सांगू? आपणही त्या सीवली राणीसारखंच करत असतो. मुलं दूर जातील या भीतीने सगळं वैभव त्यांच्यापुढे मांडतो नि म्हणतो, हे बघ, हे असंच कर. आणि मुलं टाळ्या घेऊन निघून जातात.

त्यापेक्षा एखाद्या वर्षी त्यांच्या हातात नुसती ठिणगी द्यावी. आजीच्या जात्याचा फोटो, वारीची वाट, किंवा आजोबांचं आंतरदेशीय पत्र. आणि म्हणावं, यावरून तुम्हीच काहीतरी करा. जे येईल ते ओबडधोबड असेल, कदाचित आपल्याला ओळखूसुद्धा येणार नाही. पण ते त्यांचं असेल. आणि करता करता कुणीतरी विचारेलच, ही कुणासाठी नाचतेय?

त्या शाळेच्या सहलीतलं एक दृश्य मला आता लख्ख आठवतं. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीसमोर गाइडने दिवा एका बाजूला धरला तेव्हा बुद्ध गंभीर दिसला, दुसऱ्या बाजूला नेला तेव्हा हसरा, आणि समोर धरला तेव्हा ध्यानात बुडालेला. दगड तोच. आम्ही पोरं पुढच्या लेण्याकडे पळत सुटलो होतो, डबे खायचे होते ना! या उन्हाळ्यात लेकीला घेऊन पुन्हा जाणार आहे. या वेळी दिवा तिच्या हातात देईन म्हणतो.