कावसजीचे नाक आणि कावसजीचा हात : एका वृत्तांताचे वाचन

लंडनहून निघणाऱ्या 'जंटलमन्स मॅगझिन' ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशा सहीचे एक पत्र प्रसिद्ध झाले. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या एका मराठी माणसास पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक कसे करून दिले, ह्याचा तपशील त्या पत्रात आहे. आधुनिक पुनर्रचना-शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक ग्रंथकार ह्या पत्रापासून करतात. प्रस्तुत लेखात ते पत्र भाषेच्या अंगाने वाचावयाचे आहे. कारण त्यात काय टिकले आणि काय गळून पडले, हे पुष्कळ अंशी शब्दांवरूनच कळते.

प्रथम काळ व स्थळ. १७९० ते १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रज, निजाम व मराठे हे टिपूविरुद्ध एकत्र आले होते. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे मराठी फौजांचे सेनानी होते. पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर असून कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून दरबारी होता व त्याचे ठाणे मुळा-मुठेच्या संगमावर होते. शनिवारवाड्याच्या दक्षिणेस पसरलेली बुधवार पेठ ही त्या वेळी शहराचा मध्य होऊ लागली होती. १७६१ साली नारो आप्पाजी खिऱ्यांनी आरंभिलेले तुळशीबागेतील राममंदिर ह्याच पेठेत उभे राहत होते. पेठेचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, व त्याचे कारण पुढे येईल.

वृत्तांतातील रोगी 'कावसजी' हा इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात तोडला. त्या स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला व पुढे कंपनीचा वेतनधारी झाला. वर्षाहून अधिक काळ तो नकटाच राहिला.

नावाविषयी एक शंका येथेच नोंदवितो. कावसजी हे पारशी नाव आहे, आणि काही लेखकांनी त्यावरून रोग्यास पारशी ठरविलेही आहे. परंतु वृत्तांत त्याला स्पष्टपणे शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. शिवकालातील संभाजी कावजीचे नाव ज्यांस ठाऊक आहे त्यांना 'कावजी' हे मराठ्यांतील नाव अपरिचित वाटावयाचे नाही. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांत वावरणाऱ्या इंग्रजी कानाने 'कावजी' ऐकून ओळखीचे 'कावसजी' लिहिले असावे, हे अनुमान मला सयुक्तिक वाटते. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज वैद्यांपैकी टॉमस क्रूसो ह्याचे नाव नीट उतरले; दुसरा जेम्स फिंडले मात्र छापताना 'ट्रिंडले' झाला. इंग्रजाच्या नावाची जेथे ही गत, तेथे बैल हाकणाऱ्याच्या नावाचे काय होणार!

आता कृती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोलून काढावयाची, मात्र दोन भुवयांच्या मध्ये तिचा अरुंद देठ तसाच ठेवावयाचा. नवे कातडे जुन्याशी जुळेपर्यंत ह्या देठातूनच त्याला रक्त मिळते. नंतर खुंटावरचा जुना व्रण तासून, नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत चीर पाडून, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची व तिची कड त्या चिरेत बसवावयाची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला एक पदार्थ कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक डकवावयाच्या आणि चार दिवस त्यांना हात लावावयाचा नाही. चार दिवसांनी तुपात भिजविलेले कापड. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे निजावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ चिंध्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापून नाकाला शेवटचा आकार द्यावयाचा.

पट्ट्यांना लावलेल्या पदार्थाला मूळ पत्रात 'टेरा जापोनिका' म्हटले आहे. शब्दशः भाषांतर करणारा येथे 'जपानी माती' असे लिहील, आणि तसे लिहिले तर पुणेकर कुंभाराने जपानहून माती आणविली असे दिसेल. वस्तुतः हा आपला कात होय. पूर्वी युरोपात काताचे वाळलेले खडे पाहून ती जपानची एखादी माती असावी अशी समजूत झाली व ते नाव औषधी कोशांत रूढ झाले. कातामध्ये स्तंभक गुण आहे आणि तो वाळला म्हणजे घट्ट धरतो. विडा खाणाऱ्या कोणासही हे सांगावयास नको. तुपाला मात्र वृत्तांतात त्याच्या देशी नावानेच जागा मिळाली आहे. अशा रीतीने तूप टिकले आणि कात हरवला. मेण, कात, तूप, धारदार वस्तरा व जुनेर, एवढीच सामग्री. ती सगळी बुधवार पेठेच्या बाजारात मिळण्यासारखी होती.

हरवलेला दुसरा शब्द अधिक मोलाचा आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे वर्णन 'विटा करणाऱ्या जातीचा माणूस' एवढेच आहे. जोसेफ कार्प्यू ह्या लंडनच्या शस्त्रवैद्याने पुढे मॅलेट वगैरेंकडे चौकशी केली, तेव्हा हे काम कुंभार किंवा विटा करणारे लोक करतात असे त्याला कळले. आपल्याकडे मडकी, कौले व विटा हे कुंभाराचेच काम असल्यामुळे मूळ मराठी शब्द 'कुंभार' होता ह्याविषयी संशय राहत नाही. दुभाष्याने जातीचे नाव धंद्यात उतरविले, पण माणसाचे नाव उतरविलेच नाही. हा त्या काळाचा सर्वसाधारण रिवाज होता असे म्हणून सोडून देता येत नाही. त्याच वर्षांत मॅलेटच्या पदरी असलेल्या गंगाराम तांबट ह्या पुणेरी चित्रकाराचे नाव आज आपणांस ठाऊक आहे, कारण त्याची चित्रे उरली. कुंभाराची कला रोग्याच्या चेहऱ्यावर होती आणि ती रोग्याबरोबर गेली.

ह्या रिकाम्या जागी पुष्कळदा सुश्रुताचे नाव भरले जाते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नासासंधानाचे वर्णन आहे हे खरे. परंतु दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहाव्यात. सुश्रुत झाडाच्या पानाने माप घेतो, कुंभार मेणाने. सुश्रुत गालाची कातडी घेतो, कुंभार कपाळाची. तेथे नाकपुड्यांत दोन नळ्या, येथे चिंध्या. तेथे पतंग, ज्येष्ठमध व रसांजन ह्यांचे चूर्ण, येथे कात. तेथे वरून तिळाचे तेल शिंपडावयाचे व तूप पिण्यास द्यावयाचे, येथे तूपच जखमेवर. देठ राखण्याचे तत्त्व तेवढे समान आहे. दोहोंत परंपरेचा काही धागा असेलही. तथापि मापाचे साधन, कातडीची जागा व औषधे ही सर्व बदललेली असता कुंभाराला केवळ सुश्रुताचा विस्मरणशील वारस समजणे मला न्याय्य वाटत नाही. पानाला वक्रता नसते. मेणाला ती बोटांनी देता येते, आणि पुन्हा सपाट केले असता नेमकी किती कातडी लागेल ते कळते. ही युक्ती रोज ओल्या मातीला आकार देणाऱ्या हाताला सुचावी, ह्यात नवल नाही.

कार्प्यूने ही कृती लंडनमध्ये २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर केली व १८१६ मध्ये तिची हकीकत ग्रंथरूपाने छापली. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेचा ग्रंथ निघाला. हा भाग सर्वश्रुत आहे.

मला अधिक विचार करावासा वाटतो तो हाताचा. कावसजीचे दोन अवयव गेले. वृत्तांत एकाचाच आहे. मराठीत नाक हे अब्रूचे स्थान आहे: ते कापले जाते, खाली होते, वर करून चालता येते. हातावर मात्र पोट असते. बैल हाकणाऱ्याची अब्रू पुण्याच्या कुंभाराने परत केली. पोटाची सोय कंपनीच्या वेतनावर राहिली. ह्याचे कारण शरीररचनेत आहे. कपाळाच्या कातडीला देठ राखता येतो, तुटलेल्या हाताला देठ नसतो. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या, नसा व कंडरा पुन्हा जोडाव्या लागतात. तुटलेला संपूर्ण बाहू प्रथम १९६२ मध्ये बॉस्टनला जोडला गेला, हात १९६३ मध्ये शांघायला. सूक्ष्मदर्शकाखाली अंगठा जोडण्याचे काम १९६५ मध्ये जपानात झाले. भारतात दुसऱ्याचे हात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया कोचीला २०१५ मध्ये झाली. नाकापासून हातापर्यंत येण्यास दोन शतके लागली.

एवढ्या साधनसंपन्न झालेल्या ह्या विद्येला २०२० मध्ये काही काळ पुन्हा थोडक्यात भागवावे लागले. महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले, आणि एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठांचे रस्ते बंद झाले. पण विळीने, यंत्राने, फुटक्या काचेने हात कापणे काही थांबत नाही. संपूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते व त्यातून संसर्ग उडण्याची भीती. शिवाय भूलतज्ज्ञ व यंत्रे श्वास कोंडलेल्या रुग्णांसाठी हवी होती. म्हणून ब्रिटनमधील हस्तशल्यचिकित्सकांच्या संस्थेने व अन्य संस्थांनी असे सुचविले की, शक्य तेथे हाताचाच भाग बधिर करून रोगी जागा असतानाच काम करावे. टाके आपोआप विरघळणारे घालावेत, म्हणजे ते काढण्यासाठी रोग्याला पुन्हा बोलवावे लागणार नाही. पुढची पाहणी दूरध्वनीवर किंवा चित्रफितीवर करावी. बधिर करणाऱ्या औषधात ॲड्रेनॅलीन मिसळून रक्तस्राव रोखण्याची पद्धत कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड ह्यांनी आधीच रुळविली होती. ती बोटांत वापरू नये ही जुनी शिकवण त्यामुळे मागे पडत होतीच. साथीने त्या बदलाला वेग दिला.

कुंभाराच्या काळी भूल नव्हती. ईथर १८४६ चे. त्याचा रोगी निरुपायाने जागा होता, २०२० चा योजनेने, आणि वेदनेचे अंतर दोहोंत फार मोठे आहे. तरीही चौथा, दहावा, पंचविसावा ही कुंभाराची दिनगणना पाहिली म्हणजे कमीत कमी वेळा जखम उघडावी, हे व्यवहारज्ञान त्याच्यापाशी पक्के होते असे दिसते.

कावसजीचे चित्र जेम्स वेल्स ह्या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात १७९४ च्या आरंभी काढले आणि विल्यम नटरने कोरलेली त्याची प्रत १ जानेवारी १७९५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मेणाच्या पत्र्याची आकृतीही वेगळी दाखविली आहे. नाकाचे प्रत्येक माप वृत्तांतात सापडते. हाताचा उल्लेख एकदाच येतो, आणि तोही उजवा की डावा हे न सांगता.