सिंधूचा त्याग

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोद्यास. नाटककार त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीस, सावनेर येथे निवर्तले होते. वय अवघे तेहेतीस. पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेले बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले, आणि स्त्रीवर्ग पदराने डोळे पुसू लागला.

वकील सुधाकराची सनद काही काळ रद्द होते. तो अपमान विसरण्यास तो पहिला प्याला घेतो. पुढे दारू सोडण्याचा निश्चयही करतो, पण तो टिकत नाही. सिंधूचे माहेर श्रीमंत, भाऊ पद्माकर जिवाला जीव देणारा. तरी ती घर सोडीत नाही. दळणे दळून तान्हुल्यास जगविते. अखेर बापाच्याच हातून ते मूल जाते, आणि मरणाच्या दारातली सिंधू फौजदारापुढे नवऱ्यालाच वाचविते.

असे निरपेक्ष प्रेम विरळाच, यात शंका नाही. परंतु भगिनींनो, या त्यागाची किंमत त्या बाळानेही मोजली. त्याला कोणी विचारले होते?

याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती दारुड्या नवऱ्याला तोंडावर सुनावते. प्रेक्षक सिंधूसाठी रडतात आणि गीतेला हसतात! गडकऱ्यांनी दोघींना शेजारी उभे केले, ते मला उगीच वाटत नाही. पुन्हा नाटक हाती घ्याल तेव्हा गीतेची वाक्ये जरा सावकाश वाचा.