सर्वस्व पणाला लावावे का? म्हैसूरचे राजे आणि पोकरचे गणित

म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांना खेळांचा विलक्षण नाद होता. त्यांच्या दरबारात सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र ग्रंथाचा नववा भाग, ‘कौतुकनिधि’, खेळांनाच वाहिलेला आहे. सावंतवाडीच्या गंजिफा मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. त्याच कुळातील ‘चाड’ नावाचे पत्त्यांचे खेळ म्हैसूरला रचले गेले आणि त्यांतील काहींना तीनशेहून अधिक पाने लागत. बुद्धिबळाच्या पटावरील प्रत्येक घरात घोडा एकदाच नेण्याच्या कोड्यावरही राजांनी परिश्रम घेतले.

राजांना एवढी सवड मिळण्याचे कारण मात्र सुखद नव्हते. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी बाल कृष्णराजांना गादीवर बसवले. पुढे नगर प्रांतात बंड झाले आणि १८३१ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने राज्याचा कारभार काढून घेतला. पदवी, राजवाडा आणि तनखा एवढेच उरले. ज्याच्यापाशी थोडेच शिल्लक आहे, त्याने ते सर्व एका डावावर लावावे की राखून ठेवावे? पोकरच्या स्पर्धांत हाच प्रश्न रोज उभा राहतो आणि तेथे त्याचे उत्तर आकड्यांत मांडता येते.

पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याने आपल्या सर्व चिप्स पुढे सरकवल्या, तर आपल्यापुढे दोनच मार्ग उरतात. पाने टाकून तो डाव सोडायचा, किंवा तितक्याच चिप्स लावून आव्हान स्वीकारायचे. यालाच ‘कॉल’ म्हणतात. चिप्स म्हणजे रोख पैसे असतील, तर हिशेब सरळ आहे. मध्यभागी ३००० जमले आहेत आणि आपल्याला १००० घालायचे आहेत, तर जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक असली की कॉल फायद्याचा ठरतो.

स्पर्धेत हा हिशेब मोडतो, कारण तेथे चिप्स वटवता येत नाहीत. त्या संपल्या की खेळाडू बाहेर पडतो आणि बक्षिसे क्रमांकावर ठरतात. समजा, प्रत्येकी १००० चिप्स असलेले चार खेळाडू उरले आहेत आणि पहिल्या तिघांना ५०, ३० व २० रुपयांची बक्षिसे आहेत. चौघेही तुल्यबळ असल्याने प्रत्येकाच्या स्थानाचे मोल २५ रुपये. आता एकाने सर्व चिप्स लावल्या. तुम्ही कॉल करून जिंकलात, तर २००० चिप्ससह तिघांत उराल. मग पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता १/२, दुसऱ्याची १/३ आणि तिसऱ्याची १/६. बक्षिसांची सरासरी येते ३८.३३ रुपये. चिप्स दुप्पट झाल्या, पण मोल दुप्पट, म्हणजे ५० रुपये, झाले नाही. हरलात तर मात्र २५ चे थेट शून्य होते. म्हणून सक्तीच्या छोट्या पैजा बाजूला ठेवल्या, तरी कॉलसाठी ५० नव्हे, सुमारे ६५ टक्के शक्यता हवी. हाती गुलामांची जोडी आहे आणि समोर एक्का-राजा आहे हे स्पष्ट दिसत असले, तरी जिंकण्याची शक्यता साधारण ५५ टक्केच असते. अशा वेळी बाजू वरचढ असूनही पाने टाकणेच शहाणपणाचे.

ही समज टप्प्याटप्प्याने आली. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या खेळातील रक्कम कशी वाटावी याचा विचार पत्रांतून केला. खेळातील ‘स्थानाला’ मोल असते ही कल्पना तेथे रुजली. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली यांनी दाखवले की, मिळणाऱ्या प्रत्येक पुढच्या नाण्याचे महत्त्व आधीच्यापेक्षा कमी असते. १९७३ मध्ये डेव्हिड हारविल यांनी शर्यतीतील घोड्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांच्या शक्यता काढण्याचे सूत्र दिले. तीच रीत १९८० च्या दशकात मेसन मालमुथ यांनी पोकरच्या स्पर्धांना लावली. वरचे आकडे त्याच रीतीने काढले आहेत.

या गणिताला दुसरी बाजूही आहे. ज्याच्या चिप्स सक्तीच्या पैजांतच संपत आल्या आहेत, त्याच्यासाठी थांबणे फुकट नसते. त्याच्यापाशी गमावण्याजोगे फारसे उरत नाही, आणि म्हणून कॉलसाठी लागणारी शक्यताही खाली येते.

या दोन्ही बाजू एकोणिसाव्या शतकात दिसतात. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर व झाशी ही राज्ये दत्तक नामंजूर करून खालसा झाली. राणी लक्ष्मीबाईंनी आधी अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला. तो बंद झाला. राज्य गेलेच होते, आणि सबुरीने ते परत मिळण्याची आशा उरली नव्हती. म्हैसूरच्या राजांचे स्थान मात्र अद्याप पुसले गेले नव्हते. १८५७ मध्ये ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. राज्य परत मिळावे म्हणून त्यांनी अर्जांमागून अर्ज केले. १८६५ मध्ये दत्तक घेतला आणि १८६७ मध्ये त्याला मान्यता मिळवली. १८६८ मध्ये ते निवर्तले. १८८१ मध्ये राज्य त्यांच्या दत्तकपुत्राच्या, चामराजेंद्रांच्या, हाती परत आले.

यावरून एक निर्णय धैर्याचा आणि दुसरा भित्रेपणाचा ठरत नाही. कृष्णराजांनी असे सूत्र मांडले होते असेही नाही. शिवाय परिणामावरून निर्णयाची पारख करणे ही जुगारातील सर्वांत जुनी चूक आहे: चुकीचा कॉलही कधी जिंकतो आणि योग्य माघारही कधी बोचते. निर्णयाची पारख त्या क्षणी काय हाती होते आणि थांबण्याची किंमत किती होती, यावरूनच व्हावी. झाशीसाठी ती किंमत सर्वस्वाएवढी झाली होती. म्हैसूरसाठी पटावर टिकून राहणे हीच शिल्लक असलेली सर्वांत मोठी मालमत्ता होती.