प्रकाशालाही जातीचा इतिहास आहे



रोडपालीत दर रविवारी आम्ही दहा-बारा जण एका खोलीत जमतो. दोन एलईडी लाइट, एक पांढरी छत्री, थर्माकोलची शीट आणि हप्त्यावर घेतलेला कॅमेरा, एवढ्यावर पोर्ट्रेट आणि लायटिंग शिकतो. गेल्या महिन्यात आमच्यातली एक ताई लग्नाच्या बायोडेटासाठी स्टुडिओत काढलेला फोटो घेऊन आली. तिला न विचारताच तिचा चेहरा गोरा करून टाकला होता. "दादा, सगळ्यांचे असेच करतात," ती म्हणाली. हे 'असेच' आले कुठून, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि हिंदी माणसाला ही कला शिकायची सोय झाली. पण कोणत्या हिंदी माणसाला? पुढच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, याच मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हे प्रकरण मांडले आहे. ज्याला शाळेचे दार बंद, तो कॅमेऱ्यामागे उभा राहणार कसा?

कॅमेऱ्यापुढे मात्र माणसे जातवार उभी केली गेली. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या चित्रांमागे दुसरीकडची दृश्ये जोडलेली आहेत. म्हणजे माणूस एकीकडचा, मागची पार्श्वभूमी दुसरीकडची, आणि खाली जातीचे नाव. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पुढाकाराने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखायची होती आणि ओळखण्याचे माप होते जात.

कोणी म्हणेल, या पुस्तकांत ब्राह्मणांचे आणि व्यापाऱ्यांचेही फोटो आहेत. आहेत. पण त्यांच्यातला ऐपतदार माणूस दुसऱ्या दिवशी पैसे मोजून स्टुडिओत जाऊ शकत होता, स्वतःच्या नावाने फोटो काढून दिवाणखान्यात लावू शकत होता. आपल्या बहुतेक पणजोबांकडे तो दुसरा फोटो नव्हताच. माझ्या आजीचाही एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा. ती गेल्यावर तोच मोठा करून हार घातला.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचे फोटो पाहा. सूट, टाय, चष्मा, आणि नजर सरळ लेन्समध्ये. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला कुटुंबाचा फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लाडका कुत्राही आहे. तिथे कोणी नमुना म्हणून उभे नाही, सगळे एका घरातली माणसे म्हणून आहेत. कपड्यांचे राजकारण बाबासाहेबांना नीट कळत होते. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडला डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी स्त्रियांना सांगितले की जातीची खूण पटवणारे दागिने आणि लुगडे नेसण्याची पद्धत सोडा. दिसण्यातून जात ओळखली जात असेल, तर दिसणे बदलणे हीदेखील लढाईच आहे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हीच लढाई लढली. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने आयुष्यात स्वतःचे सुमारे १६० फोटो काढून घेतले. खूश गुलामाचे चित्र गोऱ्यांना हवे होते, म्हणून तो कॅमेऱ्यापुढे गंभीरच राहिला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी कृष्णवर्णीयांच्या ३६३ छायाचित्रांचे अल्बम मांडले. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

आता तंत्राकडे येऊ, कारण भेदभाव यंत्रातही शिरतो. कोडॅकच्या रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये 'शर्ली कार्ड' वापरत, आणि त्यावर अनेक वर्षे गोरी बाईच असे. गोरी कातडी नीट आली म्हणजे रंग बरोबर! चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातदारांनी तक्रारी केल्यावर तपकिरी छटांकडे गांभीर्याने पाहिले गेले. माणसांपेक्षा चॉकलेटचे आधी ऐकले गेले.

आजचा कॅमेराही तुम्हाला फसवू शकतो. त्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो. सावळ्या चेहऱ्याच्या आजीने पांढरी साडी नेसली असेल, तर मीटर पांढऱ्याला घाबरून उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग ऑपरेटर कंप्युटरवर चेहरा पांढरा करतो. दोष आजीच्या रंगाचा नसतो, मापाचा असतो.

उपाय साधा आहे. माप साडीवरून न घेता चेहऱ्यावरून घ्या आणि रंग खरा दिसेपर्यंत एक्स्पोजर जुळवा. लाइट छत्रीतून मोठा आणि मऊ करा, चेहऱ्याच्या साधारण ४५ अंशांवर ठेवा. सावळ्या त्वचेवर कपाळाची आणि गालाच्या हाडाची चमक चेहऱ्याला आकार देते, ती पावडरने पुसून टाकू नका. सावलीच्या बाजूला थर्माकोल धरा. मागून एक छोटा लाइट दिला की काळे केस गडद पडद्यात हरवत नाहीत.

त्या ताईचा फोटो आम्ही असाच पुन्हा काढला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही मी आहे." बायोडेटावर आता तोच आहे.

मित्रांनो, आपल्या माणसांचे फोटो वर्तमानपत्रात कधी येतात? बहुतेक वेळा अत्याचारानंतर. खैरलांजीच्या वेळी, २००६ मध्ये, मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. तो पुरावा आवश्यक होता. पण उद्याच्या पिढीला आपण फक्त प्रेतांचा अल्बम देणार आहोत का? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांना कॅमेऱ्यात आणले, ते काम पाहा आणि पुढे न्या.

म्हणून या महिन्यात एक काम करा. घरातल्या किंवा वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला खिडकीच्या उजेडात बसवा. त्यांना हवे ते कपडे घालू द्या, हवे तसे बसू द्या. रंग बदलू नका. आणि फोटोच्या मागे पूर्ण नाव, गाव, केलेले काम आणि तारीख लिहा. दीडशे वर्षांपूर्वी त्या जागी फक्त जात लिहिली गेली होती.

जय भीम!