इंधनघटातील पत्र्यांवरचा लेप

* लेखकाने आदिलाबादवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44वरच्या मालट्रकांसाठी हायड्रोजन आणि त्यापासून वीज करणारा इंधनघट सुचवला आहे. पण इंधनघटातले स्टेनलेस स्टीलचे पत्रे गंजत नाहीत, हे त्यांचे विधान जसेच्या तसे घेता येणार नाही. घटातले पटल आम्लधर्मी, आत सतत ओल, तापमान 70 अंश सेल्सिअसच्या आसपास. अशा जागी पत्र्यातून सुटलेले लोहाचे आयन पटलात शिरतात आणि त्याचे आयुष्य कमी करतात. स्टीलवर आपोआप धरणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर गंज रोखतो खरा, पण वीजही अडवतो. म्हणून लेप हवा, आणि तोही वीज वाहू देणारा: टायटॅनियम नायट्राइड, क्रोमियम नायट्राइड, कार्बन किंवा सोने. तांब्याच्या भांड्याला कल्हई करावी त्याच जातीचे हे काम. मात्र इथे कार्बनच्या लेपात सुईच्या टोकाहून बारीक छिद्र राहिले, तरी कार्बन आणि स्टील यांचाच छोटा विद्युत्-घट तयार होतो आणि नेमके तिथलेच स्टील झपाट्याने खाल्ले जाते. टोयोटाने 2014च्या ‘मिराई’ मोटारीत टायटॅनियमच्या पत्र्यांवर कार्बनचा लेप दिला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2020 साली केपीआयटी या कंपनीच्या साथीने जी मोटार चालवून पाहिली, तिच्या 10 किलोवॅटच्या घटसंचात अतिशय पातळ धातूचे पत्रे होते. त्यांमुळे संचाचे वजन सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. ही मोठीच मजल आहे. पण मालट्रकला मोटारीपेक्षा कितीतरी अधिक तास राबावे लागते, म्हणून लेपही तितकाच टिकाऊ हवा. पुढील प्रकरणातल्या खर्चाच्या आकड्यांत लेपाचा खर्च धरलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. — संपादक