खाड्याची कुळकथा

२०११ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने आपल्या काही रेस्टॉरंटांसाठी नवा नियम काढला. टेबल राखून ठेवायचं तर क्रेडिट कार्डाचा नंबर द्या. न कळवता आला नाहीत तर माणशी १० डॉलर कापू. तेव्हाच्या भावाने हे जवळपास ५०० रुपये. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला न जेवता २,००० रुपयांचा फटका! गिरणगावातल्या एखाद्या खानावळवालीला मात्र हा नियम ऐकून नवल वाटलं नसतं. न आलेल्या जेवणाराचा हिशेब कसा धरायचा, हे तिच्या वहीत केव्हाच ठरून गेलं होतं. त्याला खाडा म्हणत.

खाड्याच्या आधी होतं ते आवतन. विदर्भात नवस फेडायला देवस्थानी रोडग्यांचं जेवण घालतात: गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तूप. कणीक किती भिजवायची हे आवतनावर ठरतं. घरटी एकाने यायचं की सगळ्यांनी, याचाही खुलासा त्यातच असतो. ‘चूलबंद’ आवतन आलं, की त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. आणि आवतन घेऊनही कोणी आलं नाही तर? दंड नाही, रुसवा. उरलेले रोडगे दुसऱ्या दिवशी गूळ-तुपात कुस्करून घरचेच खातात. थोडक्यात, रिकाम्या पानाचा खर्च यजमानाच्या अंगावर.

जेवण विकत मिळू लागलं आणि हा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उभा राहिला. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीचा पाया घातला. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष गिरणगावातल्या खोल्यांत दाटीवाटीने राहू लागले. बायकामुलं गावी, म्हणून जेवण खानावळीत. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. तोवर पीठ, तेल, रॉकेल उधारीवर आणायचं ते खानावळवालीने, तेही सावकाराच्या व्याजाने. याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. इतक्या कमी नफ्यावर चालणाऱ्या घरात एक ताट वाया जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

त्यातून खाड्याचे नियम घडले. ते कोणी छापले नाहीत, पण मराठी मुलखातल्या बहुतेक मेसमध्ये ते थोड्याफार फरकाने सारखेच सापडतात. खाडा हवा तर आदल्या रात्री सांगायचं. सकाळी कणीक मळून झाल्यावर सांगितलेला खाडा धरत नाहीत. एका वेळचा खाडा पुष्कळ ठिकाणी मिळतच नाही; सलग दोन-तीन दिवस गावी जाणार असाल तरच पैसे वजा. पाहुणा आणायचा तर तेही आधी सांगा, त्याचं ताट वेगळं लिहिलं जाईल. मेसवालीच्या वहीत जेवणाराच्या नावापुढे तारखांचे रकाने, हजेरीला रेघ आणि खाड्याला फुली. महिनाअखेरीस वाद झाला तर शेवटचा शब्द वहीचा. कोराडीसारख्या गावात, जिथे १९७४ पासून औष्णिक वीज केंद्र चालू आहे आणि ठेकेदारांकडे बाहेरगावचे कामगार येत-जात असतात, तिथे ही वही नसती तर एकही मेस महिनाभर टिकली नसती.

डिस्नेला हे शहाणपण यायला बराच वेळ लागला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी एपकॉट हे उद्यान उघडलं, तेव्हा तिथे ‘वर्ल्डकी’ नावाची यंत्रं बसवली होती. पडद्याला बोट लावायचं, की समोर चक्क एक बाई दिसे आणि तिच्याशी बोलून त्याच दिवसाचं टेबल राखून ठेवता येई. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांमुळे आपल्याकडे रंगीत टीव्ही नुकता येत होता तेव्हा! लोक सकाळी दार उघडताच पाळण्यांआधी या यंत्रांकडे धावत. पण ही गंमत त्याच दिवसापुरती होती. टेबल सांगणारा माणूस उद्यानातच असे, त्यामुळे तो सहसा येईच.

घोळ झाला तो नंतर. फोनवरून आणि मग इंटरनेटवरून टेबल १८० दिवस आधी राखता येऊ लागलं, तेही फुकट. सहा महिन्यांनी मंगळवारी रात्री पिझ्झा खावासा वाटेल की मासे, हे कोणाला ठाऊक? मग लोक एकाच संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी नावं घालून ठेवत आणि ऐनवेळी एकीकडे जात. यादी भरलेली आणि टेबलं रिकामी. म्हणून ते १० डॉलर. दोन वर्षांत हा नियम आणखी बऱ्याच रेस्टॉरंटांना लागू झाला. करोनानंतर मुदत १८० वरून ६० दिवसांवर आली. पुढे रद्द करायची सवलतही सैल झाली; आता दोन तास आधी कळवलं तरी चालतं. मेसवाली इतकी उदार नाही, पण तिच्या दारात वाट पाहणाऱ्यांची रांगही नसते.

शिकागोच्या ‘नेक्स्ट’ रेस्टॉरंटने २०११ सालीच याहून सोपा मार्ग काढला: नाटकासारखी जेवणाची तिकिटंच विकायची, पैसे आधी, परत नाहीत. महाराष्ट्रातली उद्यानं याच वाटेची. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका घ्या किंवा नागपूरभोवतीचे वॉटर पार्क, शाळेची सहल आली की जेवण तिकिटातच जोडलेलं असतं. मुलाने पोळी खाल्ली काय, न खाल्ली काय, पैसे पोचलेले. इथे खाडा नाही.

खाडा न देणारा सगळ्यात मोठा दुकानदार मात्र कोराडीतूनच ओळखता येतो. तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, आणि संच उभा ठेवण्याचा खर्च वीज उचलली नाही तरी चालूच राहतो. म्हणून के. पी. राव समितीच्या शिफारशीनंतर देशात विजेचा दर दोन भागांत मोजायची पद्धत आली: एक भाग क्षमतेचा, दुसरा प्रत्यक्ष विजेचा. घरगुती बिलावर त्याचाच भाऊबंद ‘स्थिर आकार’ म्हणून दिसतो. कोराडीचं कुटुंब महिनाभर पुण्याला लेकीकडे गेलं, तर दूधवाला तीस दिवसांचा खाडा धरतो, डबेवाली बाई धरते, पेपरवालाही कुरकुरत का होईना धरतो. महावितरणचं बिल येतंच.